बेताचा समुद्र

पाचूबंदरला रेडिओ आला तो मच्छीमार सोसायटीच्या नावाने, पण बसला रुडॉल्फ नाखव्याच्या ओटीवर. सोसायटीचा चेअरमन तोच, आणि पत्र्याच्या गोदामात ठेवला असता तर खाऱ्या हवेने त्याचं वाटोळं व्हायला वेळ लागला नसता. चौपन्न सालची गोष्ट. पावसाळा सरला होता, शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या. सुरुवातीला सगळा कोळीवाडा ओटीसमोर जमून गाणी ऐकायचा. गाण्यांची हौस फिटली तेव्हा नाखव्याने भाचीला बोलावणं धाडलं.

भाची म्हणजे फिलोमिना. बंदरावरची मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत तिसरीच्या मुलांना शिकवायची. बाप आगबोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. त्यामुळे घरात मायलेकी दोघीच, आणि वर मामाचा धाक.

"फिलू, संध्याकाळी मुंबईहून जहाजांसाठी समुद्राची खबर देतात," नाखवा म्हणाला. "इंग्रजीत. तू आयकायची नि मराठीत फळ्यावर लिवायची. फळा धक्क्यावर टांगू."

"मामा, माझं इंग्रजी पुस्तकातलं."

"आमचं तर तेवढं पन नाय."

एवढ्यावर ते ठरलं. संध्याकाळची घंटा झाली की फिलोमिना ओटीवर कान लावून बसायची. काम अवघड नव्हतं. रेडिओ इंग्रजीत 'काम' म्हणाला की समुद्र शांत, 'रफ' म्हणाला की खवळलेला. ती खडूने ठसठशीत लिहायची आणि जाळी विणणारे तांडेल, म्हणजे बोटींचे म्होरके, फळ्यापाशी येऊन मोठ्याने वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. आपण लिहिलेल्या अक्षरांवर होड्या सुटतात की थांबतात हे पाहून तिला आतून बरं वाटायचं. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण वाटायचं.

एका संध्याकाळी रेडिओ म्हणाला, "सी मॉडरेट."

शब्द तिच्या ओळखीचा होता. मॅट्रिकच्या निबंधात तो यायचा. खाणं मॉडरेट असावं, बोलणं मॉडरेट असावं, खर्च मॉडरेट असावा. म्हणजे चांगलाच शब्द. तरी खात्री करावी म्हणून तिने घरी येऊन कोश उघडला. अतिरेक टाळणारा, मध्यम, माफक, बेताचा. त्यातला 'बेताचा' तिला पटला. साधा, घरातला शब्द. तिने फळ्यावर लिहिलं : समुद्र बेताचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोसेफने ते वाचलं. जोसेफची होडी लहान, तो आणि त्याचा मेहुणा असे दोघेच जायचे. "बेताचा म्हनजे गरीबच की," असं म्हणत त्याने शीड चढवलं.

खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि वारा समोरून आत येत होता. दोन्हींची गाठ पडली तिथे लाटा उभ्या राहिल्या. मोठे मचवे त्यांवरून चढून पलीकडे गेले. जोसेफची होडी दोनदा चढली, तिसऱ्यांदा आडवी झाली आणि पाण्याने भरली. मेहुण्याने वल्हं घट्ट धरून ठेवलं म्हणून तो वाचला. उलटत्या होडीचा काठ जोसेफच्या मांडीवर बसला. मागून येणाऱ्या शत्रुघ्न तांडेलाच्या मचव्याने दोघांना वर ओढून घेतलं. होडी मात्र खडकावर आपटून फुटली.

त्याच दिवशी मोठे मचवे भरभरून बोंबील घेऊन आले. त्यामुळे धक्क्यावर दोन तट पडले. मचवेवाले म्हणायचे, फळा बरोबर होता. होडीवाले म्हणायचे, फळ्याने माणूस मारला असता.

जोसेफची बायको रिटा फिलोमिनाच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "तू बेताचा लिवलास. माझा दादला वाचून गेला. आता त्याचा पाय मोडलाय नि होडीच्या फळ्या धक्क्याला लागल्यात. काय तो तुझा बेत, मला सांग."

रिटा उत्तरासाठी थांबली नाही.

संध्याकाळी नाखव्याने सोसायटीच्या माणसांना जमवलं. "फळा उतरवा," तो म्हणाला. "आपल्या बापजाद्यांनी वाऱ्याकडं बघून दर्या केला. रेडिओ गान्यांसाठी ऱ्हाऊ द्या."

"मामा, फळा उतरवू नका," फिलोमिना मागून म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "रेडिओ खोटं बोलला नाही. मला त्याचं बोलणं कळलं नाही. ते कळेपर्यंत मी फळा कोरा ठेवते. पण उतरवायचा नाही."

"कधी कळनार?"

"कळेल तेव्हा सांगेन."

नाखव्याने तिच्याकडे रागाने पाहिलं, पण फळा राहिला. कोरा फळा पाहून येणारेजाणारे हसायचे. तिने हसू दिलं.

शाळेच्या हेडमास्तरांना तिने विचारलं. त्यांना विषय फार आवडला. मॉडरेट म्हणजे सुवर्णमध्य, ते म्हणाले. राजकारणात मॉडरेट म्हणजे मवाळ. सभा चालवणाऱ्याने दोन्ही बाजूंना आवर घालणं, तेही मॉडरेट करणंच. त्यांनी मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत समजावलं. फिलोमिनाने सगळं ऐकलं, आभार मानले आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काहीही नव्हतं. मवाळ समुद्राने जोसेफची मांडी मोडली होती.

रविवारी देवळातल्या मिसाच्या प्रार्थनेनंतर ती रिटाबरोबर माणिकपूरला गेली. गावठी लेपाने पाय बरा होईना म्हणून जोसेफला बैलगाडीत गवतावर निजवून डॉक्टर क्लेमेंटांकडे न्यायचं होतं. रिटाने तिला बोलावलं नव्हतं. ती आपणच गाडीत चढली आणि वाटभर जोसेफचा पाय हलू नये म्हणून धरून बसली. रिटाने तिला उतर म्हटलं नाही.

दवाखान्यात त्यांच्या पुढे एक दणकट बागायतदार होता. डॉक्टरांनी थर्मामीटर पाहिला आणि म्हणाले, "मॉडरेट ताप आहे. घाबरायचं कारण नाही."

फिलोमिनाने कान टवकारले. तो माणूस गेल्यावर तिने विचारलं, "डॉक्टर, मॉडरेट म्हणजे नक्की किती?"

डॉक्टर हसले. "कुणाला, ते आधी सांग. या गड्याला एवढा ताप म्हणजे दोन दिवस पडून राहावं, संपलं. हाच ताप तान्ह्या पोराला आला तर मी त्याच्या उशाशी बसून राहीन. शब्द तोच गं. अंगात सोसायचं बळ किती, त्यावर सगळं."

परतताना गाडी खडखडत होती, जोसेफ कण्हत होता आणि फिलोमिनाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रेडिओ जहाजांशी बोलत होता. मुंबईच्या गोदीतल्या लोखंडी आगबोटींशी. त्यांना जो समुद्र बेताचा, तो मचव्याला केवढा? आणि जोसेफच्या होडीला? हे कोशात नव्हतं, हेडमास्तरांकडे नव्हतं. ते जाऊनच बघायला हवं होतं.

"मला दर्यात जायचंय," ती शत्रुघ्न तांडेलाला म्हणाली. तो जाळ्याला गाठ मारत बसला होता. "रेडिओ मॉडरेट म्हणेल त्याच दिवशी. तुमच्या मचव्यातून."

शत्रुघ्नने गाठ पुरी केली. "बाय, आमच्यात बायका मच्छी विकतात, मच्छी मारायला जात नाहीत."

"मला मच्छी मारायची नाही. लाट बघायची आहे."

"तुझा मामा माझ्याशी भांडंल."

"ते मी बघते."

आणि तिने ते बघितलं. नाखवा ओटीवरून उठून उभाच राहिला. बाई बोटीत बसली की अपशकुन होतो, हे बोलायला तो एकटा नव्हता. तिची आईही कमरेला पदर खोचून त्याच्या बाजूने उभी होती. शेजारणी दारातून डोकावत होत्या.

"मामा, जोसेफच्या होडीत कुठली बाई होती?" फिलोमिनाने विचारलं. "तरी उलटलीच ना?"

शेजारणींपैकी एक फिसकन हसली. आई म्हणाली, "आनि तुझं काय झालं तर तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

"आये, फळ्यावर लिहिणारी मी. लोक माझ्या अक्षरावर जीव ठेवून जातात. मी न बघता कशी लिहू?"

आईने खोचलेला पदर सोडला आणि ती आत गेली. होकार नव्हता तो, पण रेडिओ मॉडरेट म्हणाला त्याच्या दुसऱ्या पहाटे तिने भाकरी बांधून दिली.

मचवा खाडीतून निघाला तेव्हा ऊन कोवळं होतं आणि पाणी तेलासारखं. फिलोमिनाला वाटलं, हाच का तो मॉडरेट? शत्रुघ्न सुकाणूवर बसला होता. किल्ल्याचा तट मागे पडला, खाडीचं तोंड आलं आणि मचव्याने एकदम नाक वर केलं. मचवा खाली आपटला, बाजूने पाण्याची भिंत उभी राहिली आणि क्षणभर किनारा दिसेनासा झाला. ती दोन्ही हातांनी डोलकाठीला बिलगली. खलाशी मात्र सुपारी कातरत होते.

"हाच," शत्रुघ्न ओरडून म्हणाला. "तुझा बेताचा!"

ती ओकली, तोंड धुतलं, पुन्हा ओकली. पण डोळे मिटले नाहीत. "लाट केवढी आहे?" तिने विचारलं.

"माझ्या डोक्याच्या वर जाते."

"होडी असती तर?"

शत्रुघ्नने लांबवर बोट दाखवलं. नायगावकडची एक होडी जीव तोडून खाडीत परत शिरत होती. लाटेच्या खोलात गेली की तिच्या शिडाचं टोक तेवढं दिसायचं. आतला माणूस एका हाताने पाणी उपसत होता. ती होडी आडोशाला पोचेपर्यंत फिलोमिनाने नजर हलवली नाही.

मग तिने विचारायला सुरुवात केली. भरती असती तर? वारा मागून असता तर? मचवा कुठल्या लाटेला परत फिरवता? शत्रुघ्न आधी तुटक बोलत होता, मग रंगला. खलाशीही बोलू लागले. दोन खलाशांचं आपसात पटेना तेव्हा तिने दोघांचंही ऐकून घेतलं आणि पुढची लाट आली की, "आता दाखवा, कोणाचं खरं," असं म्हणून दोघांना गप्प केलं.

त्या संध्याकाळीही रेडिओ मॉडरेटच म्हणाला. तिचे पाय अजून जमिनीवरही डुलत होते. तशीच ती फळ्यापाशी गेली आणि लिहिलं :

'खाडीच्या तोंडाशी माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या लाटा. मचव्यांनी जावं. होड्यांनी ओहोटीत जाऊ नये.'

"येवढं सगळं रेडिओ बोलला?" नाखव्याने मागून विचारलं.

"रेडिओ एकच शब्द बोलला. बाकीचं मी बघून आले."

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. रेडिओने पुन्हा मॉडरेट सांगितलं, तिने पुन्हा होड्यांना थांबा लिहिलं, आणि समुद्र दिवसभर लेकरासारखा निजून राहिला. मचवे मासे घेऊन आले आणि होडीवाले हात चोळत बसले. संध्याकाळी ते नाखव्याच्या ओटीवर चढले. त्यांचंही खोटं नव्हतं. एक दिवस बुडाला की चूल बुडत होती.

"पूस ते," नाखवा म्हणाला. "निदान 'जाऊ नये' एवढं तरी पूस. ज्याला जायचं तो जाईल."

"ज्याला जायचं तो आजही जाऊ शकत होता. मी कोणाचा दोर बांधून ठेवला नाही," फिलोमिना म्हणाली. "दहा वेळा समुद्र गप्प राहील आणि मी दहा वेळा खोटी पडेन. पडू द्या. मी लिहिलेलं पुसणार नाही. तुम्हाला पुसायचं तर पुसा."

नाखव्याने फळ्याकडे पाहिलं. गर्दीतून रिटा पुढे आली. ती फिलोमिनाशी अजून बोलत नव्हती. ती होडीवाल्यांकडे वळली. "एक दिस बुडाला म्हनून बोंबलता? माझ्या घरी येऊन बघा काय बुडालंय ते."

कोणी पुसलं नाही. रागाने, कुरकुरत माणसं पांगली.

पुढच्या वेळी चार होड्या थांबल्या, तीन गेल्या. गेलेल्या तिन्ही परत आल्या, पण अर्ध्या वाटेतून, जाळी न टाकता. माणसं ओलीचिंब होऊन धक्क्यावर चढली आणि फळ्याकडे न बघता घरी गेली. त्यानंतर फिलोमिनाला दिसू लागलं की पुरुषांच्या आधी त्यांच्या बायका फळा वाचायला येतात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या तिसरीतल्या आपल्या पोरांना कडेला उभं करून वाचून घेत. वाद मात्र थांबले नाहीत. कधी शत्रुघ्न येऊन सांगायचा, वारा फिरलाय, हे बदल. ती त्याच्याबरोबर धक्क्याच्या टोकापर्यंत जायची आणि पटलं तरच बदलायची. जोसेफचा पाय सांधला, थोडा आखूड राहिला. त्याला शत्रुघ्नने मचव्यात सुकाणूवर घेतलं.

नाताळाच्या आधी अर्नाळ्याहून दोन माणसं रुडॉल्फ नाखव्याकडे आली. त्यांच्याही सोसायटीला रेडिओ मिळाला होता आणि फळा लिहिणारं माणूस त्यांना शिकवून हवं होतं. नाखव्याने त्यांना चहा दिला, फिलोमिनाला बोलावून घेतलं आणि घसा साफ केला.

"आमची पोर येईल," तो म्हणाला. "पन तिच्या अटी कडक आहेत. जो लिवनार त्याला आधी लहान होडीत बसवून बाहेर न्यायचं."

"आनि दर्या लागून तो ओकला तर?" पाहुण्याने हसत विचारलं.

"ओकू दे," फिलोमिना म्हणाली. "केव्हा येऊ?"