कोरडी पट्टी

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय उगाच? लेक नर्स होती, तीही जखमांच्या विभागात. बाहेरचे लोक तिला हात जोडून विचारायचे, "सिस्टर, आमचा पाय वाचेल ना?" आणि घरी बाप तिला पट्टी कशी बांधायची ते शिकवायचा.

बापाचंही खरंच होतं म्हणा. पस्तीस वर्षं दवाखान्यात ड्रेसर, जखमा पुसून पट्ट्या बांधणारा. गल्लीत सगळे त्याला 'डॉक्टर' म्हणायचे, अर्धं चेष्टेनं, अर्धं मनापासून. कुणाचं पोर गुडघा फोडून आलं की आधी त्याच्या दारात. निवृत्त झाला, कोपऱ्यावर नवा दवाखाना उघडला, आणि हळूहळू कुणी येईनासं झालं. सहा वर्षं तो खुर्चीत बसून होता, दुपारपर्यंत दाढी न करता.

आणि मग आईच्या टाचेला जखम झाली. मधुमेहाचा पाय, चपलेत खडा गेलेला कळलाच नाही. दीड महिना झाला तरी भरेना, वर जंतूंचा संसर्ग. लेकीनं मोठ्या डॉक्टरांना विचारून हायड्रोजेलच्या पट्ट्या आणल्या. थंडगार, आरपार दिसणाऱ्या, हाताला बुळबुळीत. त्यातच जंतू मारायचं औषध.

"ह्यात बहुतेक पाणीच आहे," तिनं आईला समजावलं. "जखम ओलसर राहिली की नवी कातडी लवकर धरते. मेलेलं मांस मऊ होऊन आपोआप सुटतं. तीन दिवस उघडायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी येऊन बदलेन. आत पिवळट, चिकट दिसेल. तो पू नव्हे, जेलच विरघळतं तसं."

"ओल्यात काय वाढतं ते मला नको सांगूस," बाप मागून म्हणाला. "जखम कोरडी, तर माणूस बरा."

"बाबा, ते तुमच्या काळात."

हे मात्र तिनं बोलायला नको होतं. पण जीभच ती. बाप खुर्चीत जाऊन बसला आणि तिला वाटलं, त्याला पटलं.

दर तिसऱ्या दिवशी ड्युटी संपली की ती दोन बस बदलून यायची. पट्टी जागच्या जागी, वर तिनंच पेनानं घातलेली तारीख. सगळं कसं शिस्तीत. आणि जखम? तशीच. तशी तरी कुठली, कडा लाल, कडक, आधीपेक्षा वाईट. तिच्या वॉर्डात ह्याहून भयंकर जखमा त्याच जेलनं भरत होत्या, आणि सख्ख्या आईची भरेना! तिनं पट्टीचा नवा खोका आणला, डॉक्टरांचं डोकं खाल्लं, स्वतःच्या हातांवरही शंका घेतली. शेवटी रक्त तपासलं. साखर वाढलेली.

"आई, चोरून गोड खातेस का?"

आईनं एकदा बापाकडे बघितलं. बाप खिडकीबाहेर बघत होता.

"खाल्लं थोडं," आई म्हणाली.

मग काय, लेकीच्या तोंडाचा पट्टा सुटला. "लहान आहेस का तू? मी मर मर मरते, दोन बस बदलून येते, आणि तुला जिभेचे चोचले? पाय कापतील ना, तेव्हा बस गोड खात!" आई मान खाली घालून ऐकत राहिली.

पुढच्या आठवड्यात एका मैत्रिणीनं ड्युटी बदलून मागितली म्हणून लेक एक दिवस आधीच आली. भर दुपारी. बाप स्टुलावर बसला होता, आईचा पाय त्याच्या मांडीवर. दाढी गुळगुळीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. जखमेला घट्ट चिकटलेली कोरडी गॉझ तो एका टोकाला धरून ओढत होता. सफाईनं, एका झटक्यात, वॉर्डात आयुष्यभर ओढली तशी. आईच्या दातांत टॉवेलचा कोपरा होता आणि डोळ्यांतून पाणी. शेजारी स्टीलची डबी उघडी. तिच्यात लेकीची जेलची पट्टी, तारखेसकट, उद्या सकाळी परत डकवायला ठेवलेली.

"बाबा!"

तो दचकला, पण ओशाळला नाही. "बरी आलीस. तुझ्या त्या चिखलात काय साठतं ते बघ. तू गेलीस की मी ते काढतो, स्पिरिटनं पुसतो, पावडर मारतो. रोज. म्हणून हा पाय अजून आहे."

लेकीनं गॉझ उचलून बघितली. कोवळी कातडी गॉझला चिकटून आलेली. रोज थोडी धरायची, रोज थोडी निघायची.

"तुम्ही सोललंत तिला," ती म्हणाली. "रोज सोललंत!"

त्याच संध्याकाळी आईला ताप भरला. मोठ्या दवाखान्यात नेलं. संसर्ग हाडापर्यंत पोहोचला होता; साखरही त्यानंच वाढलेली, डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापला.

शुद्धीवर आल्यावर आईनं आधी पाणी मागितलं. लेकीनं चमच्यानं पाजलं. विचारणार नव्हती, पण राहवलं नाही.

"तू एका शब्दानं सांगितलं का नाहीस? आणि गोडाचं ते खोटं कशाला?"

आईनं चमचा बाजूला सारला.

"जखम झाली तेव्हापासून हे सकाळी उठून दाढी करायला लागले गं. हात धुवायचे, सगळं मांडायचे, मला म्हणायचे, 'घाबरू नका पेशंट.' हसायचे. सहा वर्षांत हसले नव्हते. तुझ्याकडे तुझा अख्खा वॉर्ड आहे. ह्यांच्याकडे माझा एक पाय होता."

लेकीला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. बापाचा आला, त्याहून जास्त ह्या बाईचा आला, आणि आपण हिला काय काय बोललो ते आठवून स्वतःचाही आला.

बाहेर बाकावर बाप कुणाला तरी सांगत होता. आवाज आत येत होता. "नवीन काहीतरी जेल लावलं हो पोरीनं. त्यानं घात केला. माझ्या हातात असतं तर..."

आईनंही ते ऐकलं. लेकीच्या मनगटावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "ह्यांना आत बोलव. पट्टी नीट बांधलीय का ते बघू दे. तेवढंच बरं वाटेल त्यांना."

"बोलावते," लेक म्हणाली. उठली, आणि दाराला आतून कडी घातली.