बुटक्या मुठीचं दार

आई आपणहून "कुठेतरी राहायला जाऊ या" म्हणाली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी जिच्या जिवावर येतं, तिला परक्या घरात, न्याहारीसकट खोली घेऊन राहायची हौस कुठून आली? मग दादानं फोनवर त्या घराचा फोटो दाखवला. पायऱ्या, कुंड्या आणि एक जाडजूड लाकडी दार. दाराची पितळी मूठ नेहमीपेक्षा चांगली वीतभर खाली.

"बाबांचं दार," आई म्हणाली. "शेवटचं."

बाबा सुतार होते, त्यातही दारांचे. लहानपणी मी एकदा खोलीत अडकले, कडीला हात पुरेना, आणि रडून घर डोक्यावर घेतलं. त्यानंतर बाबांनी केलेल्या प्रत्येक दाराची मूठ माझ्या तेव्हाच्या खांद्याच्या उंचीवर. गिऱ्हाइकं विचारायची, "दार माणसांसाठी आहे की शेळीसाठी?" बाबा म्हणायचे, "मोठ्यांना वाकता येतं." कितीतरी कामं हातची गेली, पण मूठ काही वर सरकली नाही. आमच्या भाड्याच्या घराला मात्र घरमालकाचं पत्र्याचं दार होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हे शेवटचं दार बसवून आले तेव्हा आईला म्हणाले होते, "एकदा नेतो तुला. नुसतं उघडून बघ, एका बोटानं फिरतं." न्यायच्या आधीच गेले. आईला आता तेवढंच हवं होतं, ते दार एकदा स्वतःच्या हातानं उघडायचं. वाटेत तिनं दोनदा हात रुमालाला पुसलेला मी पाहिला.

पोचलो, तर दाराच्या जागी काच. आईनं पुढे केलेला हात तसाच राहिला आणि काच आपली आपण बाजूला सरकली.

"फोटो जुना आहे हो," मालकीणबाई हसत म्हणाल्या. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. खोली तर विचारू नका. तीन माणसांना दोन पलंग आणि एक घडीची खाट, ती उघडली की न्हाणीघराचं दार उघडत नाही. गरम पाण्याच्या नळाला थंड पाणी, थंड पाण्याच्या नळाला तेही नाही. दादा खाटेवर बसला आणि खाट दादासकट मिटली. एरवी मी आणि आई पोट धरून हसलो असतो.

"छान आहे खोली," आई भिंतीकडे बघत म्हणाली.

"मी विचारते त्यांना, दाराचं काय केलं ते."

"नको गं. दोष काढायला आलो असं वाटेल त्यांना. गेलं ते गेलं."

पण तिनं चप्पल काढली नव्हती. परत जायला निघालेल्या माणसासारखी ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मला बाबांची इतकी आठवण आली की त्यांचाच राग आला. आधीच न्यायला काय झालं होतं?

सकाळी न्याहारीला सगळ्या पाहुण्यांना मिळून एकच लांब टेबल, वर फुलाफुलांचं कापड. पाव दगडासारखा. माझा कप कडेला ठेवला की कलंडायचा. दुसऱ्यांदा चहा मांडीवर आला तेव्हा माझा तोल सुटला.

"निदान टेबल तरी सपाट घ्यायचं होतं!"

मालकीणबाई फडकं घेऊन धावल्या. "माफ करा हं. जुनं दार आहे ते. पाहुणे वैतागायचे, सारखं वाकावं लागतं म्हणून. काढलं खरं, पण असं लाकूड टाकवेना. मुठीचं भोक बुजवलंय, ते जरा खचतं."

दादाचा घास हातातच राहिला. आईनं कप, बशा, जॅमची बाटली, सगळं शांतपणे एका बाजूला केलं आणि कापड उचललं. कडेपाशी एक गोल ठिगळ होतं, भोवतीच्या लाकडापेक्षा फिकं. आईनं त्यावर तळवा ठेवला.

"इथे यायचा तुझा खांदा," ती मला म्हणाली.

तिनं मूठ धरावी तशी बोटं वळवली आणि मनगट हळूच फिरवलं. दार जागचं हललं नाही, हलणार कसं? ती तरीही थोडा वेळ थांबली. मग कापड नीट पसरलं, सुरकुत्या काढल्या, आणि इतका वेळ नाकारलेला तो दगडी पाव मागून घेऊन सगळा खाल्ला.

आणखी एक दिवस राहू या, असं मीच म्हणाले. पण खोली पुढे दिलेली होती. आम्ही पिशव्या घेऊन निघालो तेव्हा दुसऱ्या खोलीतलं एक जोडपं टेबलाशी येऊन बसत होतं. बाईनं माझ्याच जागी कप ठेवला.

आई मागे फिरली.

"तिथे नका ठेवू," ती म्हणाली. "तिथे मूठ आहे."