‘गेल्ता’चं मी ‘गेला’ केलं

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि माझ्या चुकीमुळे एकदा धडधाकट माणसासाठी रडारड झाली होती. काच तडकलेली, बॅटरी दुपारीच संपते. तरी माणसं काय बोलतात ते ऐकायची मला भारी हौस.

रामने मला राहुरीच्या दुकानातून देवळाली प्रवरा गावी आणलं. चार वर्षं मी त्याच्या खिशात बसून उसाच्या फडात हिंडलो. मग नवा मोबाईल आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथून मला बाहेर काढलं त्याच्या आईने, सत्तरीच्या गोजरबाईंनी.

त्यांची धाकटी बहीण पुष्पावती केडगावला असते. दोघी रोज फोनवर बोलत. पण गेल्या वर्षी पुष्पावतीबाईंना ऐकू येईनासं झालं, कानाला यंत्र लावूनही. त्या चौथी शिकलेल्या, त्यांना वाचता यायचं. गोजरबाईंना अक्षरओळखही नव्हती. एकीला ऐकू येईना, दुसरीला लिहिता येईना. बोलणंच तुटलं.

सून निकिताने सासूबाईंना माझं माईकचं चित्र दाखवलं. तिथे दाबून बोलायचं, मी लिहायचं, मग त्यांनी बाण दाबायचा. मी स्वतःला मोठा पंडित समजत होतो. ‘हाय’ ऐकलं की ‘आहे’ लिहायचो, ‘न्हाई’चं ‘नाही’ करायचो. मला वाटे, मी बाईंची भाषा सुधारतोय.

एका सकाळी त्या म्हणाल्या, “राम गेल्ता...” तेवढ्यात वासरू सुटलं म्हणून त्या गोठ्याकडे धावल्या. परत येऊन ‘फॅक्टरीला, आत्ता आला’ असं पुढचं बोलल्या, पण तोवर माझं ऐकणं बंद झालं होतं. ‘गेल्ता’ म्हणजे ‘गेला होता’, हे मला ठाऊक नव्हतं. मी नीटनेटकं लिहिलं, ‘राम गेला’. बाईंनी बाण दाबला.

दोन तासांत पुष्पावतीबाई टेम्पोतून उतरल्या, रडून डोळे सुजलेले. राम ओट्यावर चहा पीत होता. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि मटकन खाली बसल्या. घोटाळा उलगडला तसं घर हसायला लागलं. गोजरबाई मात्र हसल्या नाहीत.

“मी काय धाडलं ते मलाच वाचता येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता मी शिकनार.”

निकिताने ते कागदावर लिहून पुष्पावतीमावशींना दाखवलं. त्यांनी वाचलं, डोळे पुसले आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या, “आक्का, तू घरी राहून गुरं राखली म्हनून मी शाळंत गेले. तुला शिकवल्याबिगर मी जात न्हाई.”

त्या महिनाभर राहिल्या. मास्तरीणबाईंना ऐकू येत नसल्याने नुसतं ‘व्हय, कळलं’ म्हणून सुटका नव्हती, माझ्यावरचं अक्षर शोधूनच दाखवावं लागे. सत्तर वर्षांचं बोट ‘घ’ आणि ‘ध’मध्ये कसं घुटमळतं, हे मी प्रथमच पाहत होतो. मला राहवेना, मी वर शब्द सुचवायचो. पुष्पावतीबाई तिथे सरळ अंगठा आडवा धरायच्या. मला फार लाज वाटली. हळूहळू गोजरबाई शिकल्या आणि त्या टाईप करतील ते शब्द मीही शिकलो.

मग पुष्पावतीबाई केडगावला गेल्या. त्या दुपारी गोजरबाई एकट्याच मला घेऊन बसल्या. वीस मिनिटं लागली. त्यांनी लिहिलं, ‘पुष्पे पोचली का’. बॅटरी दोन टक्के उरली होती आणि मी जीव धरून होतो. निरोप गेला. लगेच उत्तर आलं. बाईंनी एकेका अक्षराखाली बोट धरून ते वाचलं, “पोचले आक्का. तुझा आवाज आला.”

मित्रांनो, मला पुन्हा कपाटात टाकलं तरी मी रुसणार नाही. पण घरातलं कुणी म्हातारं माणूस अक्षर शोधत असेल, तर ‘द्या, मी करतो’ म्हणून त्याच्या हातातून मोबाईल ओढू नका. त्याचं बोट पोचेपर्यंत थांबा.