देवाचा एडका आणि सरकारचा पूल

मानसिंग ठेकेदारानं गेणबा धनगराचा एडका खाल्ला. एकट्यानं नाही, चाळीस माणसं पंगतीला घेऊन. स्लॅब ओतून झाला की मजुरांना मटणाचं जेवण घालायचं, हा बांधकामवाल्यांचा जुना नेम. आणि त्या दिवशी पुलाच्या कडेला जे मटण चरत होतं ते गेणबाचं होतं. बिरदेवाच्या नावानं सोडलेला एडका. तीन वर्षं त्याच्या अंगाला कातर लावली नव्हती. जत्रेला देवापुढं न्यायचा होता.

गेणबा जाब विचारायला गेला तेव्हा मानसिंग दात कोरत होता.

"मालक, त्यो देवाचा हुता."

"मग पूल कुणाचा हाय? सरकारचा. देवाचं सरकारला गेलं. तू कशाला मधी पडतोस?"

हा पूल मागितला कुणी होता, तर कुणीच नाही. भिगवणच्या अलीकडच्या त्या ओढ्याला वर्षातून चार दिवस पाणी यायचं, आणि त्या चार दिवसांत पलीकडच्या वस्तीवरच्या कुणाला अलीकडं काम नसायचं. पण साल होतं अठ्ठ्याण्णव. बांधकामाचा धंदा बसला होता, ठेकेदार माशा मारत होते. सरकारनं ठरवलं, यांना काम द्यायचं. काम द्यायचं तर काहीतरी बांधायला पाहिजे, आणि पूल बांधायचा तर ओढा पाहिजे. इंदापूर तालुक्यात ओढा होता.

एडक्याच्या बदल्यात मानसिंगनं गेणबाला स्लॅबवर पाणी मारायला ठेवलं. "एकवीस दिस मार. मन थंड हुईल." गेणबानं मान डोलावली.

घरी त्याच्या बायकोची, कौसल्याची, भाकरी तव्यावर करपली. "अवो, ज्यानं देवाचा घास गिळला त्याच्या सिमिटाला पाणी पाजताय? लाज हाय का न्हाय?"

"पाणी पाजताना जनावर कळतं," गेणबा म्हणाला.

कळलं. चौथ्या दिवशी त्यानं काठीचं टोक स्लॅबवर टेकवलं, ते आत गेलं. दहाव्या दिवशीही गेलं. विसाव्या दिवशी स्लॅबमध्ये मुंगळ्यांनी बिऱ्हाड केलं. गेणबा कुणाला काही बोलला नाही. पोरंसोरं चढू नयेत म्हणून त्यानं दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या आडव्या लावल्या आणि उद्घाटनाची वाट बघत बसला. तालुक्यात कुठल्याही सरकारी कामाची इतक्या मनापासून कुणी वाट बघितली नसेल.

उद्घाटनाला आमदार आबासाहेब आले. त्यांच्या कात्रीशिवाय त्या भागात फीत कापली जात नसे. पाणी मारल्याबद्दल गेणबाला नारळ मिळाला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. गेणबानं मेंढी धरावी तसा माईक मानेला धरला.

"आमच्यात एक रीत हाय. नवं काम झालं की बांधणाऱ्यानं त्याच्याखाली बसायचं, आन् वरनं भार न्यायचा. मग ते काम देवाला पावतं."

अशी रीत गेणबाच्या भावकीत कधीच नव्हती. ती सकाळी आंघोळीच्या दगडावर जन्मली होती. पण पुढच्याच सतरंजीवर म्हातारा तात्याबा होता, आणि रीत म्हटलं की तात्याबाला आठवायलाच लागायचं.

"व्हय व्हय! माझा आजा बसला हुता."

"कशाखाली, तात्या?"

"ते न्हाय ध्यानात. पर बसला हुता."

"वा!" आबासाहेब खूश झाले. "मानसिंगराव, बसा. वरनं ट्रॅक्टर जाऊ द्या."

उसाच्या दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर आयताच उभा होता. आयता म्हणजे गेणबानं सकाळपासून थांबवून ठेवलेला. मानसिंगला हार घालून पुलाखाली खुर्चीवर बसवलं. बाभळी ओढून काढल्या. ड्रायव्हरनं गिअर टाकला, आणि मानसिंग खुर्चीसकट बाहेर आला.

"ऊस नको," तो म्हणाला. "मोकळा ट्रॅक्टर घाला."

ट्रॉल्या सोडल्या. मानसिंग आत गेला, इंजिन धडधडलं, मानसिंग बाहेर.

"का हो?" आबासाहेब.

"आवाज लई करतोय."

"मग सायकल नेऊ?" गेणबानं अगदी अदबीनं विचारलं.

मानसिंगनं वर स्लॅबकडं बघितलं. "सायकल चालंल." मग थोडा विचार करून, "डबलशीट नको."

पहिल्यांदा बाया हसल्या, मग सगळा ओढा हसला. काम पास करणारे साहेब स्वतःचे बूट न्याहाळू लागले. आबासाहेबांनी कात्री तबकात ठेवली. "पाडा. पदरचं सिमेंट घालून परत बांधा. आणि रीत पुरी झाल्याशिवाय मी फीत कापणार नाही."

पूल पाडायला दोन तास लागले, बांधायला दोन महिने. मध्ये एकदा मानसिंग दोन एडके घेऊन वस्तीवर आला. आता तो गेणबाला राव लावत होता.

"गेणबाराव, एकाला दोन घ्या. पर ती रीत तेवढी मागं घ्या."

"माझी असती तर घेतली असती, मालक. तात्याबाच्या आज्याची हाय."

चैत्रातल्या एका दुपारी मानसिंग पुन्हा हार घालून खाली बसला. "ट्रॅक्टर नको," गेणबानं आबासाहेबांना सांगितलं, "माझी मेंढरंच नेतो." मानसिंगचा जीव भांड्यात पडला. तसा पूल आता रेल्वे गेली तरी हलला नसता.

तीनशे मेंढरं पुलावर चढली. मधोमध आल्यावर गेणबानं शीळ घातली आणि ती सगळी जागच्या जागी बसली. खाली मानसिंग, वर भार, एवढ्यावर रीत पुरी धरून आबासाहेब फीत कापून, भाषण करून, जेवून गेले. पाण्याच्या निचऱ्याला ठेवलेल्या पायपांतनं लेंड्या टपटप गळत होत्या, काही हारात अडकत होत्या. मानसिंगनं एक पाऊल बाहेर टाकलं की काठावरच्या बाया ओरडायच्या, "भार उतरला न्हाय अजून! रीत मोडली, पयल्यापास्नं!"

उन्हं कलली. मानसिंगचा आवाज बसला होता.

"गेणबाराव... झालं का?"

गेणबानं कठड्यावर बसून फडकं सोडलं, भाकरी मोडली.

"न्हाय मालक. रवंथ करत्यात. उठवायचं नसतं."