कोठीतले लाल दोरे

“बाई गं, यांना ती सुई सोसत नाही हं. मागं अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. नीट ध्यानात ठेव. माझं एवढंच माणूस आहे.”

किती वर्षं झाली त्याला! तेव्हा सिस्टर नव्या नव्या होत्या आणि खिडकीशी उभं राहून हे सांगणाऱ्या मावशींच्या कडेवर लेक होती. सिस्टरांनी मान डोलावली, खणातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं, केसपेपरच्या भोकात दोरा ओवला आणि घट्ट गाठ मारली. या आरोग्य केंद्राची ती रीतच होती. ज्याला पेनिसिलिन चालत नाही, त्याच्या कागदाला लाल दोरा. दोरा दिसला की हात आखडायचा. दोराच सांगत असे, म्हणून शाईनं लिहायची गरज कुणाला वाटली नाही, आणि रोग्याला विचारायची सवयही कुणाला लागली नाही.

मग कॉम्प्युटर आले. टायपिंगवाल्यांनी कागदावरची अक्षरं तेवढी उचलली. दोरा काही अक्षर नव्हे. गठ्ठे बांधून कोठीत गेले आणि दोरे अंधारात मुके होऊन बसले.

गेल्या आठवड्यात मावशींचे यजमान एकटेच आले. पाय सुजून लालेलाल झालेला. डॉक्टरांनी स्क्रीनवर पाहिलं, ॲलर्जीचा रकाना कोरा. त्यांनी पेनिसिलिन लिहून दिलं. बाहेर रांग दारापर्यंत गेलेली. सिस्टरांची नजर सवयीनं छापील चिठ्ठीवर दोरा शोधून रिकामीच परतली, आणि सुई टोचली गेली. म्हातारबा बाही सारखी करत हसले, “मुंगी चावली की काय!” आणि गळा धरून खाली कोसळले. करायचं ते सगळं केलं. ते उठले नाहीत. त्यांच्या मानेवरच्या गांधी पाहताना सिस्टरांच्या कानात तो जुना आवाज आला, आणि आपल्याच हातची गाठ आठवली.

आज रुग्णसुरक्षेचा अहवाल ऑनलाइन भरायचा दिवस. काही चुकलं, कुणाला इजा झाली, तर त्यात कळवायचं. आजवर दर वेळी एकच शब्द गेला होता: निरंक.

“आपल्याकडे काही घडतच नाही,” कंपाउंडर गोळ्या मोजता मोजता म्हणाला. “इतकं सुरक्षित, की लोकांनी बिऱ्हाडच करावं इथं.”



“निरंक टाका, सिस्टर,” डॉक्टर म्हणाले.

“माणूस गेला, साहेब. निरंक कसं टाकू?”

“वय झालं होतं. हृदय बंद पडलं असेल. लिहिलं मी, टोचलं तुम्ही. दोघांनाही घरी बसवतील. माझी पोरं अजून शाळेत आहेत हो.”

दरडावले असते तर बरं झालं असतं. पण ते काकुळतीला आले होते.

“आणि कोठीतले बाकीचे दोरे? त्यातलं कुणी उद्या आलं तर?”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि उगीच पुसत बसले.

इतक्यात मावशी आल्या, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. कपाळ मोकळं. सिस्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला.

“झोप लागते का, मावशी?”

“कसली झोप, पोरी! लेक बोलत नाही माझ्याशी. म्हणते, तुला ठाऊक होतं ना, मग दवाखान्यात कधी सांगितलं का नाहीस? काय सांगू तिला? डोकं चालत नाही माझं, काही आठवत नाही. मी सांगितलंच नसेल. गुडघे धरून घरी बसले आणि माझ्या माणसाला मीच घालवलं.”

पट्ट्यातली हवा सुस्कारा टाकत निघून गेली. सिस्टर उठल्या, कॉम्प्युटरपाशी गेल्या. ‘काय घडले’ या चौकटीत त्यांनी दोऱ्याचं लिहिलं, टायपिंगचं लिहिलं, न विचारता टोचल्याचं लिहिलं, कोठी उघडायला माणसं पाठवा असंही लिहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं.

“सिस्टर...” डॉक्टर पुटपुटले. बटण दाबून झालं होतं.

यंत्राला सांगितलं. पण ज्यांना सांगायचं, त्या मावशी बाकावर पदर चुरगाळत बसल्या होत्या. सिस्टर त्यांच्यापुढं जमिनीवर बसल्या आणि तो सुरकुतलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

“मावशी, तुम्ही सांगितलं होतंत. त्या खिडकीशी उभं राहून, लेकीला कडेवर घेऊन. मलाच सांगितलं होतंत. मी विसरले, आणि ती सुई मी टोचली.”