दर्यानं परत पाठवलेला नारळ

पाण्याला घाबरणं हा काही गुन्हा नाही. पण पाण्याला घाबरायचं आणि वर पोहण्याच्या बढाया मारायच्या, हा मात्र सयाजीचा स्वभाव होता. पुरात इंद्रायणी आपण तीनदा पार केली, हे चिंचवडच्या त्या चाळीत त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं, की पहिल्यांदा एकदाच असलेला पूर हळूहळू तीनदा झाला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी त्याच्या बायकोला, कस्तुराला, खरं ठाऊक नव्हतं. चाळीजवळच्या पवना नदीवर गेला की हा वरच्या पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करायचा. तिला वाटायचं, नवरा शिस्तीचा आहे.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतरची. सयाजी स्कूटरच्या कारखान्यात रंगखात्यात होता. माणूस बढाईखोर, पण हात सोन्याचा. पत्रा कसा टांगला म्हणजे रंगाचा ओघळ येत नाही, हे त्यानं साहेबांना करून दाखवलं आणि कंपनीनं बक्षीस दिलं: मुंबई ते पणजी, बोटीची जाऊन-येऊन दोन तिकिटं. पावसाळाभर बंद असलेली बोट नुकतीच सुरू झाली होती. कस्तुरानं तिकिटं देवापुढं ठेवली आणि तीन दिवस रोज काढून पाहिली. समुद्र तिनं फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

चाळीत समुद्र पाहिलेलं असं कुणीच नव्हतं. मग बायकांनी ठरवलं, आपण नाही तर निदान आपला नारळ जाऊ दे. दहा खोल्यांचे दहा नारळ जमले. मेकॅनिक बरकतची बायको मुमताज म्हणाली, "भाभी, माझ्याकडनं दर्याला सलाम सांगा," आणि अकरावा तिनं दिला. सगळ्यांत आधी नारळ आणला तो केसरबाईंनी. सत्तरीच्या केसरबाई चाळीतल्या सगळ्यांत थोरल्या. चाकणच्या पलीकडे त्यांचा पाय कधी पडला नव्हता.

"पर माजा कुठला न् हिचा कुठला, दर्याला कळायचं कसं?" केसरबाईंनी रास्त शंका काढली.

सयाजीनं खात्यातनं उरलेला तांबडा रंग आणला आणि प्रत्येक नारळावर झोकात नाव घातलं. वर दुसरा हात मारला. "हा रंग समुद्राच्या बापाच्यानं निघायचा नाही," तो म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा. आयुष्यात तो जे थोडंबहुत खरं बोलला, त्यातलं हे एक.

चाळीनं दोघांना ओवाळून निरोप दिला. भाऊच्या धक्क्यापर्यंत सयाजी नारळांचं पोतं खांद्यावर घेऊन ऐटीत चालला. तिथं बोटीवर चढायची फळी होती. फळीच्या फटीतून खाली हिरवं पाणी हलताना दिसलं आणि त्याचे पाय जागच्या जागी रुतले.

"अहो, चला ना."

"कस्तुरा, आपण परत जाऊ. बोट भरली होती म्हणून सांगू."

कस्तुरानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. घामानं थबथबलेलं, पांढरंफटक तोंड. नऊ वर्षांचा हिशेब तिला एका क्षणात लागला. मागून माणसं ढकलत होती, भोंगा वाजत होता.

"तुम्ही जा मग," ती म्हणाली. "मी समुद्र बघून येते."

आणि पदर खोचून ती बाई फळीवरून तुरुतुरु चढून गेली की! बोट सुटली. वरच्या डेकवरून तिनं हात हलवला. सयाजीनंही हलवला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की नारळ आपल्याच खांद्यावर राहिले.

घरी जाण्याची सोय नव्हती. ओवाळून पाठवलेला माणूस संध्याकाळी एकटाच परत आला, तर चाळ त्याला जन्मभर सोडणार नाही. तो गुपचूप महाळुंग्याला मामाच्या मळ्यात गेला. "कंपनीनं हवापालटाला पाठवलंय," म्हणाला. मामानं त्याला चार दिवस कांद्याच्या रोपांना पाणी धरायला लावलं. पाटाच्या पाण्याला तो भीत नव्हता, एवढंच नशीब.

नारळांचं काय करायचं हा प्रश्न उरला. दुसऱ्याच्या नवसाचे नारळ फोडून खाण्याइतका तो नीच नव्हता. तिसऱ्या दिवशी पोतं घेऊन तो इंद्रायणीवर गेला, काठापासून चांगला दहा हात लांब उभा राहिला आणि एकेक नारळ भिरकावला. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, कृष्णा समुद्राला. पोचतील कधीतरी. नारळांना कुठं पहिल्या शिफ्टला हजर व्हायचंय! स्वतःच्या अकलेवर खूश होऊन तो जेवायला गेला.

पाचव्या दिवशी धक्क्यावर जाऊन त्यानं कस्तुराला उतरवून घेतलं. ती उन्हानं रापली होती आणि भलतीच सुंदर दिसत होती.

"नारळ?" तिनं विचारलं.

"सोडले."

"कुठं?"

"पाण्यात."

प्रवास कसा झाला, हे त्यानं गाडीत चारदा विचारलं. "चाळीत सांगायचंय ना तुम्हाला? सांगा की," एवढंच म्हणून ती खिडकीबाहेर बघत हसत राहिली.

संध्याकाळी नळाजवळच्या मोकळ्या जागेत सगळी चाळ जमली. सयाजीनं सुरुवात केली. "लाटा म्हणजे काय सांगू! ताडाएवढ्या!"

"हे झोपले होते ना, स्वप्नात आल्या असतील," कस्तुरा गोड आवाजात म्हणाली. "समुद्र तर दोन्ही वेळा अगदी शांत होता."

"हां, म्हणजे... खोल समुद्रात."

"रत्नागिरीला छोट्या पडावातनं माणसं चढली, ते सांगा ना."

"चढली ना! पुष्कळ चढली."

"आणि मालवणला काय झालं?"

मालवणला काय झालं, हे देवालाच ठाऊक. तेवढ्यात त्याच्याच खात्यातला ज्ञानदेव सायकलवरून आला. तो चिखलीचा, इंद्रायणीकाठचा. त्यानं पिशवीतून एक नारळ काढला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवला. त्यावर तांबड्या झोकदार अक्षरांत लिहिलं होतं: केसरबाई.

"सकाळी म्हशी धूत हुतो," ज्ञानदेव म्हणाला, "तर ह्यो तरंगत आला. रंगाला मानलं पायजे, राव. टवकासुदिक उडाला न्हाई."

सयाजीला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. उद्यापासून खात्यात, चाळीत, पार चिखलीपर्यंत आपलं नाव निघणार ते हसण्यासाठीच. त्याहून वाईट म्हणजे केसरबाई. त्या नारळाकडं अशा बघत होत्या, की जणू त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. त्या नजरेची त्याला खरोखर लाज वाटली. त्यानं खरं सांगायला तोंड उघडलं, पण कस्तुरानं त्याआधीच नारळ उचलला.

"अगबाई, खरंच परत आला!" ती म्हणाली. "बोटीवर एक म्हातारा खलाशी सांगत होता. दर्या सगळ्यांचे नारळ ठेवून घेतो. पण ज्याला त्याला स्वतः भेटायचं असतं ना, त्याचा तेवढा परत पाठवतो."

"इंद्रायणीतनं? उलटा?" ज्ञानदेवानं विचारलं.

"दर्याला काय अवघड आहे?"

केसरबाईंनी नारळ हातात घेतला. शेंडीत शेवाळ अडकलं होतं. त्यांनी ते हुंगलं, एकवार सयाजीकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे लुकलुकले.

"वास तर आपल्या इंद्रायणीचाच हाय," त्या म्हणाल्या. "पर एवढा बोलावतोय तर जायाला पायजे. सयाजी, फुडल्या सालाला मला न्हेशील न्हवं? बोटीत माजा हात धराया कुनीतरी पायजे. तू तर पट्टीचा पोहणारा."

सगळी चाळ सयाजीकडं बघत होती.

"नेईन, मावशी," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

माणसं पांगल्यावर कस्तुरानं चहा ठेवला. तिची थट्टा आता संपली होती. "मालवणच्या अलीकडं मोठे मोठे मासे उड्या मारत होते," ती म्हणाली. "दहा-बारा तरी. मी मागं वळून म्हटलं, अहो, बघा बघा. मागं कुणीतरी कोकणातले गृहस्थ पान चघळत उभे होते. ते म्हणाले, बघतोय की. मला इतकं रडू आलं."

सयाजीला गलबलून आलं. सहा वर्षांचा असताना डोहात पडलो होतो आणि काढेपर्यंत सगळं हिरवं दिसत होतं, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. कस्तुरानं ऐकून घेतलं.

"पुरात तीनदा पार केली ती कुणी मग?"

"कुणीच नाही."

"बरं. उद्या रविवार आहे. पवनेच्या घाटावर यायचं."

त्या रविवारी सयाजी एक पायरी उतरला. दिवाळीनंतर दोन. संक्रांतीपर्यंत घोट्याचं पाणी पोटरीला आलं. कस्तुरा खाली पाण्यात उभी राहून त्याचा हात धरायची. वरच्या पायरीवर केसरबाई ऊन खात बसायच्या. एके रविवारी पाणी गुडघ्याला लागलं आणि सयाजीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"डोळं उघड, सयाजी," वरून केसरबाई ओरडल्या. "दर्या बघायचाय आपल्याला."

त्यांच्या मांडीवर दोन नारळ होते. एक त्यांचा, जपून ठेवलेला. दुसरा नवा, त्यावर तांबडा रंग अजून ओला होता आणि अक्षर कस्तुराचं, जरा वाकडंतिकडं: सयाजी.

सयाजीनं डोळे उघडले आणि आणखी एक पायरी उतरला.