पारोळ्याजवळ बंद पडलेलं इंजिन

जीवरामच्या पत्राला अय्युब मिस्त्रींनी उत्तर दिलं नव्हतं, आणि त्या गोष्टीला तीन वर्षं होत आली होती. पत्र हरवलं असतं तर बरं झालं असतं. पण ते हरवलं नाही, आणि हरवलं असतं तरी काही फरक पडला नसता, कारण ते त्यांना पाठ होतं. आपल्या गावच्या, पहूरच्या शाळेतल्या मास्तरांकडून जीवरामने ते लिहून घेतलं होतं. ‘शेठजींनी मला कामावरून काढलं. मी गाडी पळवली म्हणून इंजिन जळालं, असं ते चारचौघांत सांगतात. तुम्ही सांगितलं होतं तसा मी वेगाचा काटा तिसाच्या पुढे जाऊ दिला नाही. मिस्त्रीभाऊ, एकदा जळगावला या, इंजिन उघडा, आणि आत जे दिसेल ते शेठजींना सांगा. माझ्याविरुद्ध दिसलं तरी सांगा.’

ते शेवटचं वाक्य आठवलं की मिस्त्री हातातला पाना खाली ठेवत.

गाडी जळगावच्या रुपचंद शेठची. शेठचं कापसाचं जिन होतं, पैसा होता आणि एक हौस होती. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी त्याची शर्यतीची गाडी घेतली होती. हिरवी, लांब नाकाची, बॉनेटवर कातडी पट्टा बांधलेली, आणि बसायला जागा फक्त दोघांना. शेठच्या घरच्या बायका म्हणत, एवढी गाडी घेतली आणि तिच्यात डबा ठेवायलाही जागा नाही. पण शेठ शेजारी बसत आणि त्यांचा ड्रायव्हर जीवराम चालवी, तेव्हा रस्त्याकडेचे लोक कामं टाकून बघत राहत.

लढाईच्या दिवसांत ती धूर ओकू लागली. मुंबईला पाठवायची सोय नव्हती, सुटे भाग येणं बंद झालं होतं. शेठने ती धुळ्याला अय्युब मिस्त्रींकडे पाठवली. जिनातली मोठाली ऑईल इंजिनं दुरुस्त करण्यात मिस्त्रींचा हात खानदेशात कुणी धरू शकत नव्हतं. त्यांनी दोन महिने खपून ते इंजिन नवं केलं, आणि जीवराम ते घेऊन निघाला. पारोळ्याच्या पुढे इंजिन ठोकू लागलं, मग किंचाळलं, मग बंदच पडलं. बैल जुंपून गाडी जळगावला नेली. शेठने ती जिनाच्या शेडमध्ये ढकलली, आणि जीवरामने इंजिन जाळलं ही गोष्ट चोपड्यापासून धुळ्यापर्यंत सगळ्या जिनवाल्यांच्या कानावर घातली. त्यानंतर जीवरामच्या हाती कुणी गाडी दिली नाही.

मिस्त्री जळगावला गेले नाहीत. आज जातो, उद्या जातो करत पावसाळा गेला, मग कापसाचा हंगाम आला, आणि मग जाण्यासारखं तोंडच राहिलं नाही.

आता लढाई संपली होती. सेहेचाळीसच्या फाल्गुनात शेठला पुन्हा गाडीची आठवण झाली. चाळीसगावमार्गे मालगाडीच्या उघड्या वाघिणीतून ती धुळ्याच्या स्टेशनात आली, आणि तिथून साक्रीकडच्या पुना गाडीवानाने आपल्या बैलजोडीने ती ओढत वर्कशॉपच्या दाराशी आणली.

पुना घाम पुसत म्हणाला, “भाऊ, हाई मोटर शे का म्हैस? बठ्ठा रस्ता लोके हसनात मना बैलेस्ले.”

“हसू देत तुझ्या बैलांना. गाडी आजारी आहे रे,” मिस्त्री म्हणाले.

“मंग डाक्टर तुम्हीच ना? मागला खेपले बी तुम्हीच व्हतात म्हने.”

पुना गमतीने बोलला आणि बैल सोडून निघून गेला. मिस्त्री मात्र बराच वेळ त्या हिरव्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. त्यांची साठी उलटली होती. गुडघे दुखत होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. हे इंजिन आणखी एकदा उघडायची ताकद आपल्यात आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

तरी त्यांनी ते उघडलं. खालचं तेलाचं भांडं सोडवलं आणि तेल ओढून घेणाऱ्या जाळीवर बोट फिरवलं. बोट चिकटलं. जाळीवर तपकिरी, गुळाच्या पाकासारखा चिकट थर बसला होता. तेलाच्या बारीक नळ्यांमध्ये तार घातली, तर तारेलाही तेच आलं. बेअरिंगमधला पांढरा धातू वितळून मेणबत्तीसारखा ओघळला होता. तेल पोचलंच नव्हतं. अशी गाडी तिसाने चालवली काय आणि दहाने चालवली काय, ती बंद पडणारच होती.

मिस्त्रींनी बोट नाकाशी नेलं. वास एरंडेलाचा होता.

ते तिथेच पत्र्याच्या डब्यावर बसले. तीन वर्षांपूर्वी इंजिन ऑईलचा डबा मिळाला होता तो अर्धाच. दुसरा मिळायची आशा नव्हती. शेठची घाई होती. मिस्त्रींच्या उस्तादांनी चाळीस वर्षं जिनाची इंजिनं एरंडेलावर चालवली होती, आणि मिस्त्रींनीही त्यांच्याच हाताखाली शिकून तीच रीत पुढे चालवली होती. त्यांनी घाण्यावरून एरंडेल आणलं, फडक्यातून दोनदा गाळलं आणि उरलेली जागा त्याने भरली. ओतताना दोन तेलं भांड्यात वेगवेगळी दिसली होती, हे त्यांना चांगलं आठवत होतं. त्यांनी ती काडीने ढवळली. जिनाच्या इंजिनात तेलाची वाट बोटभर रुंद असते, तिथे नुसतं एरंडेल बिनबोभाट चालतं. या नाजूक इंजिनात वाट दाभणाएवढी, आणि तेलं दोन जातींची. ती तापली, एकमेकांशी जमली नाहीत, आणि त्यांचा डिंक झाला. आणि ढवळायची ती काडी त्यांनी कुणाला न सांगता भट्टीत टाकली होती.

दुपारी आबेदा भाकरी घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा तिने पाहिला.

“काय निघालं?”

“माझंच तेल.”

आबेदाने फडकं सोडलं, भाकरी पुढे ठेवली. “मग?”

“रॉकेलने धुतलं की जाईल. कुणाला कळणार नाही.”

“धुवा की मग. रॉकेलचा डबा तुमच्या पायाशीच आहे. मी काही हात धरलेला नाही.”

“तू असं बोलू नकोस.”

“मी काहीच बोलत नाहीये, अजी. तीन वर्षं झाली, पहूरचं नाव निघालं की तुम्ही ताटावरून उठता. तेव्हाही मी काही बोलले नाही. खा आता, गार होतंय.”

मिस्त्रींनी अर्धी भाकरी खाल्ली. मग जाळीवरचा तो थर चाकूने खरवडून त्यांनी एका डबीच्या झाकणात ठेवला, आणि बाकीचं धुतलं.

पुढचे सात आठवडे काम चाललं. मोडीत निघालेल्या एका जिन-इंजिनाच्या बिडातून त्यांनी सिलिंडरच्या आत बसवायच्या पातळ नळ्या, स्लीव्ह, कातल्या, पिस्टनच्या रिंगा केल्या. पांढरा धातू नवा मिळत नव्हता, म्हणून जुन्या बेअरिंगांतलाच वितळवून, मळी काढून पुन्हा ओतला. धातू पुरेसा तापला की नाही हे बघायला कापसाच्या पऱ्हाटीची वाळलेली काडी त्यात बुडवायची. काडी काळी पडली पण पेटली नाही, की ओतायचं. पहिल्यांदा काडीचा रंग त्यांना नीट दिसलाच नाही, आणि ओतलेलं बेअरिंग भेगाळलं. त्यांनी ते फोडून पुन्हा वितळवलं. मग शाफ्टला तेलात खललेलं काजळ लावायचं, बेअरिंग बसवून फिरवायचं, काढायचं, जिथे काळं लागलं तिथे धातू उंच आहे असं समजून खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा खरवडणं. पूर्वी हे ते डोळ्यांनी करत, आता अंगठ्याने चाचपून करू लागले. एका बेअरिंगला चार दिवस लागले. संध्याकाळी पाठ सरळ होत नसे. हे इंजिन आणखी वीस वर्षं चालेल, असं एखाद्या दिवशी वाटे, आणि दुसऱ्या दिवशी वाटे की मागच्या वेळीही मला असंच वाटलं होतं.

या वेळी शेठने मुंबईहून ऑईल मागवलं होतं. सीलबंद डबे, एकाच जातीचे. मिस्त्रींनी ते स्वतःच्या हाताने फोडले.

वैशाखात शेठ आले. नव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून पारोळ्याच्या रस्त्याला दोन तास फिरून आले. खाली उतरले तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“मिस्त्री, शिलाईच्या मशिनीसारखं चालतंय हो! कमाल केलीत!”

मिस्त्रींनी फळीवरून झाकण काढलं आणि शेठपुढे धरलं. “शेठजी, इंजिन उघडलं तेव्हा हे आत निघालं, मागच्या वेळचं. ऑईल कमी पडलं म्हणून मी एरंडेल घातलं होतं. त्याने नळ्या बुजल्या. जीवरामची काही चूक नव्हती.”

शेठने वाकून झाकणातलं पाहिलं. हात लावला नाही.

“हे तुम्हाला आत्ता कळलं?”

“खात्री आत्ता झाली. संशय तेव्हापासून होता.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“हो.”

शेठने रुमाल काढून मान पुसली. राग येईल असं मिस्त्रींना वाटलं होतं. राग आला असता तर सोपं गेलं असतं. शेठ उलट हळू आवाजात म्हणाले, “झालं ते झालं. आता जुनं कशाला उकरता? इंजिन चालतंय, मला तुमच्याबद्दल काही म्हणायचं नाही.”

“त्याला परत घ्या, शेठजी.”

“ड्रायव्हर ठेवलाय मी. हा काय उभा आहे.”

“मग निदान चार जिनवाल्यांना सांगा की त्याने इंजिन जाळलं नव्हतं.”

“मी?” शेठ हसले, पण हसू मधेच विझलं. “तीन वर्षं मी ज्यांना एक सांगितलं, त्यांना आता दुसरं सांगू? माझ्या शब्दाला काय किंमत राहील बाजारात? तो आहे पहूरला, दुसऱ्याच्या शेतात पाणी धरतो, मरत नाहीये. तुम्ही म्हातारे झालात मिस्त्री, मनाला फार लावून घेता. लिहायचं असेल तर तुम्ही लिहा. माझं नाव त्यात नको.”

हिरवी गाडी धूळ उडवत गेली. आवाज खरोखरच गोड होता. मिस्त्री तो ऐकू येईनासा होईपर्यंत दारात उभे होते, आणि त्यांना आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट आणलं आणि लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, ‘त्या दिवसांत चांगलं ऑईल मिळत नव्हतं’. वाचलं आणि फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं, ‘इंजिनात खराब तेल गेलं होतं’. तेल आपल्या पायांनी चालत गेल्यासारखं ते वाक्य दिसत होतं. तेही फाडलं. मग त्यांच्या लक्षात आलं की पाकिटातलं पत्र जीवराम मास्तरांकडून वाचून घेईल आणि घडी घालून ठेवील. गावाला, पाणी धरायला लावणाऱ्या शेतमालकाला, जामनेरच्या जिनवाल्याला त्यातलं काहीच कळणार नाही. उघडं पोस्टकार्ड मात्र पोस्टातला कारकून वाचतो, पोस्टमन वाचतो, आणि पहूरला ज्या ओट्यावर ते पडेल तिथला जो कुणी अक्षरओळखीचा असेल तो मोठ्याने वाचून दाखवतो.

त्यांनी पाकीट बाजूला सारलं आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं :

‘जीवराम यास, धुळ्याहून अय्युब मिस्त्रीचा सलाम. इंजिन उघडलं. तू गाडी पळवली नव्हतीस. इंजिन माझ्यामुळे जळालं. तेल मी चुकीचं भरलं आणि तुझं पत्र येऊनही तीन वर्षं गप्प बसलो. हे कार्ड कुणालाही दाखव. कुणाला खात्री करायची असेल तर त्याने माझ्याकडे यावं. माफ कर असं लिहिण्याचा मला हक्क नाही.’

आबेदाने ते दोनदा वाचायला लावलं. “आता जिनवाले काम देतील का तुम्हाला?”

“थोडे देतील. थोडे देणार नाहीत.”

“बरं,” ती म्हणाली, आणि टोपी त्यांच्या हातात दिली.

पोस्टात सुकदेव कारकून बसला होता. त्याने पत्ता बघायला कार्ड घेतलं, आणि डोळे आपोआप पुढच्या ओळींवर गेले. वाचून झाल्यावर त्याने वर पाहिलं.

“मिस्त्री, पाकीट देऊ का? हे असं उघडंच पाठवायचं?”

“उघडंच.”

सुकदेवने कार्ड परत दिलं. मिस्त्री बाहेर आले. उन्हाने टपालपेटीचा पत्रा तापला होता. त्यांनी कार्ड फटीत धरलं, थोडं थांबले, आणि सोडून दिलं.